आमच्याकडे कोणती विंडोज आहे?

आमच्या घरातला कॉम्प्युटर वर्षानुवर्षं बंदच झाला नव्हता. मॉनिटर तेवढा विझायचा. टेबलाखालचा सीपीयू मात्र दिवसरात्र घुंघुं करत बसलेला असायचा. एखादा पाहुणा आला की कान टवकारून विचारायचा, "मोटार चालू राहिलीय का हो?" त्यावर माझा नवरा अभिमानानं सांगायचा, "नाय नाय, तो आपला कॉम्प्युटर. कधी बंदच पडत नाय." जसं काही त्यात कॉम्प्युटरचंच कर्तृत्व होतं. खरं तर सगळं श्रेय नवऱ्याचं होतं.

नवरा एकलहऱ्याला, वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये होता. समोर मी त्याला 'अहो' म्हणते, लिहिताना अरे-तुरे करते. त्याला चालतं, कारण माझं लिखाण वाचायच्या भानगडीत तो पडत नाही. तर त्यांच्याकडचा नियम असा, की चालत्या युनिटला उगाच हात लावायचा नाही. एकदा का युनिट बंद पडलं, की बॉयलर पुन्हा पेटवा, वाफ चढवा, टर्बाइन फिरवा, तेव्हा कुठे वीज सुरू होणार; आणि तोवर वरचे साहेब फोनवर फोन करून जीव खाणार. अशा अचानक बंद पडण्याला ते 'ट्रिप' म्हणतात. नवरा अजूनही हा शब्द आवाज खाली आणून उच्चारतो.

रिटायर झाल्यावर हा नियम त्याच्याबरोबर गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये मुक्कामाला आला. फ्रीज कुरकुरतोय? चालतोय ना, हात लावायचा नाही. भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे? चालतंय ना. कॉम्प्युटरवर अधूनमधून एक चौकट यायची, की नवं काहीतरी आलंय, एकदा बंद करून चालू करू का? नवरा दर वेळी 'नंतर'वर टिचकी मारायचा. पुढे पुढे त्या चौकटीचाही त्याला जाच व्हायला लागला. मग सातपूरला कंपनीत असलेल्या पुतण्याला बोलावून त्यानं ते आपोआप बंद-चालू होण्याचं प्रकरणच मिटवून टाकलं. लाइट गेली तर इन्व्हर्टर होताच.

मी शाळेत मराठी शिकवायचे. आता शिकवत नाही, कारण माझ्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला. लोकांना वाटतं, दिसेनासं होणं म्हणजे काळोख. माझ्याकडे काळोख नाही. कडेकडेनं मला बरंच दिसतं. खिडकीचा उजेड दिसतो, दाराची चौकट दिसते, ओट्यावरचं पातेलं दिसतं. नेमकं जिथं बघावं तिथं मात्र एक धुरकट गोळा येऊन बसतो. माणसाकडे बघायला गेलं की चेहरा गायब आणि कान शाबूत. पुस्तकाचंही तेच. ज्या शब्दाकडे बघावं तो शब्द नाही. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, आहे ते राहील, गेलेलं परत येणार नाही.

मला आधी दुःख झालंच नाही, राग आला. जन्मभर ज्या एका गोष्टीवर मी जगले, नेमकी तीच उचलून नेलीत? भाजी निवडण्याची ताकद मागितली असती तर मी हसत हसत दिली असती. दुःख नंतर आलं, आणि आलं ते चांगलं पाय पसरून बसलं.

मग नवरा मला वाचून दाखवायला लागला. रोज संध्याकाळी चहा झाला की गॅलरीत दोन खुर्च्या टाकायच्या, त्यानं वाचायचं, मी ऐकायचं. माणूस मनापासून वाचायचा, यात शंका नाही. पण ज्यानं आयुष्यभर दाब आणि तापमान वाचलं, त्याचा कादंबरीशी काय संबंध जमणार! पाटलाच्या वाड्याचं वर्णन आलं की तो म्हणायचा, "वाडा मोठा होता, वगैरे." नायिका नदीकाठी एकटी बसली की, "ती रडली वगैरे. बरं, पुढं." अर्धं प्रकरण असं वगैरेत जायचं. मी चिडले की त्याला वाईट वाटायचं, त्याला वाईट वाटलं की मला अपराध्यासारखं व्हायचं, आणि पुस्तक बाजूलाच राहायचं.

खरं सांगायचं तर त्याच्या वगैरेचा प्रश्न नव्हताच. तो उत्तम वाचत असता तरी मी कुढलेच असते. मला एकटीनं वाचायचं होतं. दुपारी सगळं आवरल्यावर, दार लोटून, कुणाला न विचारता, कुणाच्या सवडीची वाट न बघता. हे जमणार आहे की जन्मभर दुसऱ्याच्या तोंडानं वाचायचं आहे, एवढाच माझ्यापुढे प्रश्न होता, आणि त्यापुढे बाकी सगळं मला फिजूल वाटत होतं.

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसले असताना शेजारच्या एका बाईंनी सांगितलं, की कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम बसवता येतो. तो पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचतो, मराठीसुद्धा. फुकट मिळतो. आणि तो शिकवणाऱ्या एक बाई आहेत, नाशिकरोडला राहतात, त्यांना स्वतःला जन्मापासून दिसत नाही. घरबसल्या फोनवर शिकवतात. मी तिथल्या तिथं त्यांचा नंबर पाठ करून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावला. बाईंचा आवाज तरुण आणि खणखणीत होता. वर्गाकडे पाठ करूनही वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षिकेचा आवाज मला लगेच ओळखू येतो. त्यांनी विचारलं, "मॅडम, फोनवर शिकायचंय की कॉम्प्युटरवर?"

"कॉम्प्युटरवर. फोनच्या काचेवर माझ्या बोटांना काही सापडत नाही. टायपिंग मी मुलगी असताना शिकलेय."

"मग तुम्ही निम्म्या शिकलेल्याच आहात. बरं, तुमच्याकडे विंडोज कोणती आहे?"

इतकी वर्षं त्या कॉम्प्युटरवर मी प्रश्नपत्रिका काढल्या, शाळेची भाषणं लिहिली, पण आत कोणती विंडोज आहे हे कधी मनात आलं नव्हतं. घरात मीटर कोणत्या कंपनीचा आहे हे तरी कुणाला ठाऊक असतं? मी नवऱ्याला हाक मारली. तो बॅटरी घेऊन टेबलाखाली शिरला. सीपीयूवर कंपनीचा एक स्टिकर होता, त्यावर दर दसऱ्याला पूजेत लावलेल्या हळदीकुंकवाचे थर. त्यानं अंगठ्यानं कुंकू खरवडलं आणि आतूनच मोठ्यानं सांगितलं, "सात! सात हाय."

फोनवरच्या बाई म्हणाल्या, "सात असेल तर अवघड आहे, मॅडम. आपल्या प्रोग्रामचं नवीन रूप सातवर बसत नाही. दहा तरी पाहिजे. जुनं रूप आहे, पण त्यात मराठी आवाज मी देते तो चालणार नाही. दुसरा कॉम्प्युटर बघता येईल का?"

मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवून दिला. नमस्कारसुद्धा केला नाही. इतका वेळ मी मनातल्या मनात कपाटातली पुस्तकं काढून ठेवली होती, ती सगळी परत आत गेली. नवरा टेबलाखालून बाहेर येत म्हणाला, "काय म्हणल्या?" मी म्हणाले, "काही नाही, तुमचं युनिट जुनं आहे म्हणाल्या." त्या संध्याकाळी मी गॅलरीत गेले नाही. खरं म्हणजे मला त्याच्यावर राग काढायचा नव्हता, पण घरात दुसरं कुणी नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचाच फोन आला.

"मॅडम, काल तुम्ही फोन ठेवून दिलात, माझं विचारायचं राहिलं. काकांनी सात कुठे वाचलं?"

"सीपीयूवर. स्टिकर आहे ना."

"स्टिकरवर!" त्या इतक्या मोठ्यानं हसल्या, की स्वयंपाकघरातून नवरा बाहेर आला. "अहो, ती घर बांधलं तेव्हाची पाटी. आत आता कोण राहतं ते पाटीवरून कसं कळणार? मधे कुणी नवीन विंडोज टाकली असेल तर? काकांना द्या फोन. नाही, थांबा, स्पीकरवर टाका."

मी स्पीकर लावला. त्या म्हणाल्या, "काका, पडद्याच्या खाली, अगदी डाव्या कोपऱ्यात बटण आहे ना, ते गोल आहे की चौकोनी? मी काही ते पाहिलेलं नाही, पण गोल असलं तर सात, असं सगळे सांगतात."

नवरा वाकून बघायला लागला. आणि मला एकदम आठवलं. मला दिसत होतं तेव्हा ते बटण गोलच होतं. छान निळसर, रंगीत. मग एकदा नवरा ड्यूटीवर असताना पुतण्या दिवसभर येऊन बसला होता, त्याच्यासाठी मी मिसळ केली होती, आणि तो गेल्यावर पडदा सपाट दिसायला लागला होता. मला वाटलं होतं, पोरानं चित्र बदललं.

"चौकोनी हाय," नवरा म्हणाला. "चार तुकड्यांची खिडकी."

"मग सात नाही!" बाई म्हणाल्या. "आता खात्री करू. काका, कीबोर्डवर खाली तशाच खिडकीचं बटण असेल, ते दाबून धरा आणि आर दाबा."

"खिडकी दाबून धरली. आर दाबला," नवरा म्हणाला.

"एक चौकोन आला का?"

"चौकोन आला."

"वा!" बाई म्हणाल्या. "काका, इतक्या जणांना शिकवलं, पण सांगितलेलं परत बोलून दाखवणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला."

नवरा खूश. कंट्रोल रूममध्ये तशीच पद्धत होती. खाली बॉयलरपाशी असलेल्या माणसाला फोनवर काही सांगितलं, की त्यानं ते जसंच्या तसं परत म्हणायचं आणि मगच हात लावायचा, म्हणजे चुकीचा व्हॉल्व्ह फिरत नाही. हे सगळं तो बाईंना सविस्तर सांगायला लागला. बाईही रस घेऊन विचारायला लागल्या. दोघांची छान गट्टी जमली, आणि मी माझ्याच कॉम्प्युटरशेजारी पाहुण्यासारखी उभी.

"माझं काही काम आहे का इथं?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच असावा.

"तुमचंच तर काम आहे," बाई म्हणाल्या. "काका, उठा तिथून. बटणं मॅडम दाबतील. तुम्ही फक्त पडदा वाचायचा. आणि सगळं वाचायचं, गाळायचं नाही."

हे मात्र मला फार आवडलं. मी खुर्चीत बसले. दोन्ही तर्जन्यांना एफ आणि जे या बटणांवरचे बारीक उंचवटे सापडले आणि सगळी अक्षरं आपापल्या जागी आहेत हे कळलं. बाईंनी एकेक अक्षर सांगितलं, मी टाइप केलं: डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर. मग एंटर.

"चौकट आली," नवरा म्हणाला. "वर लय मोठ्या अक्षरात विंडोज टेन. दहा हाय गं, दहा!"

मी टेबलावर हात आपटला. चक्क टाळी वाजवावी तसा. पण बाई म्हणाल्या, "थांबा, खाली बारीक अक्षरात व्हर्जन लिहिलं असेल. पुढचा आकडा काय आहे?"

"एक, सहा, शून्य, सात."

"अरे बापरे. पहिले दोन आकडे म्हणजे साल. नाव दहाच आहे, पण त्या दहाचं हे फारच जुनं रूप झालं. मराठी आवाज यावर बसायचा नाही. घाबरू नका, अपडेट करता येतं. तुमच्याकडे कधी अपडेट आले नाहीत का?"

"यायचे की," नवरा म्हणाला. "मी नंतर म्हणायचो."

"का?"

"चालू हाय ना चांगलं."

बाईंनी समजावून सांगितलं. आधी नवीन गोष्टी उतरवून घ्यायच्या, मग कॉम्प्युटर बंद होणार, पुन्हा चालू होणार, असं बऱ्याचदा होणार, त्याला पुष्कळ वेळ लागेल. फोन ठेवला गेला आणि नवरा म्हणाला, "नाय."

"काय नाही?"

"चालत्याला बंद करायचं नाय. एवढी वर्षं चाललंय. बंद केलं आन् परत उठलंच नाय तर? सगळे फोटो त्यात हायेत. हाय तेवढं तरी राहू दे की."

हाय तेवढं तरी राहू दे. असंच काहीसं मी डॉक्टरांकडून ऐकलं होतं, त्यांच्यावर मला ओरडता आलं नव्हतं. मी नवऱ्यावर ओरडले. "अहो, चालू आहे, चालू आहे, पण कुणासाठी चालू आहे? तुम्ही त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, मला त्यातलं अक्षर दिसत नाही. नुसतं घुंघुं करतंय त्याला चालणं म्हणतात का? मी पण चालूच आहे तशी. उठते, जेवते, झोपते. बघा की, कुठं बंद पडलेय!"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पंख्याचा. त्याचा चेहरा मला दिसत नाही, त्यामुळे अशा वेळी तो गप्प राहिला की मी अगदीच अधांतरी होते. शेवटी मीच आवाज खाली आणला आणि मनात आलं ते विचारलं. "तुमच्याकडे युनिट कधीच बंद करत नव्हते का हो? मग ते ओव्हरहॉलला महिनाभर तुम्ही घरी तोंड दाखवायचा नाहीत, ते काय होतं?"

"ते येगळं," तो लगेच म्हणाला. "ते शटडाऊन. ठरवून करायचं. आधी तयारी करायची, सगळं उघडायचं, साफ करायचं, झिजलेलं बदलायचं. ट्रिप येगळं, शटडाऊन येगळं."

"मग हे ओव्हरहॉल समजा."

मग टाळ्याला जीभ लावून तो आवाज काढतो तसा आवाज आला. काहीतरी पटल्याशिवाय तो हा आवाज काढत नाही. "तयारी करावी लागंल," तो म्हणाला.

आणि त्यानं तयारी केली. आधी सगळे फोटो पेन ड्राइव्हवर घेतले, मग विश्वास वाटेना म्हणून दुसऱ्या पेन ड्राइव्हवर. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घातलं. सीपीयूचं झाकण उघडून रंगाच्या जुन्या ब्रशनं आतली धूळ झाडली. ती इतकी निघाली, की मला शिंका आल्या. आदल्या दिवशी बाईंच्या सांगण्यावरून सगळं उतरवून घेऊन ठेवलं. मग थंडीतल्या एका सकाळी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून तो कॉम्प्युटरपुढे बसला. शेजारच्या खुर्चीत मी.

"शटडाऊनला घेतोय," तो म्हणाला.

"घ्या," मी म्हणाले.

घुंघुं थांबलं. घर इतकं शांत झालं, की खालच्या रस्त्यावरचा भाजीवाला आमच्या हॉलमध्येच ओरडतोय असं वाटलं. मग ते पुन्हा सुरू झालं, आणि नवरा टक्के वाचायला लागला. प्रत्येक आकडा तो मोठ्यानं सांगायचा आणि मी परत म्हणायचे. मधे पडदा सगळा काळा झाला. नवऱ्याचा हात बटणाकडे गेला असावा, कारण त्याच्या बाहीची सळसळ ऐकू आली. बाईंनी बजावून सांगितलं होतं, काही झालं तरी हात लावायचा नाही. मी चाचपडत त्याचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. कॉम्प्युटरसाठी धास्तावलेला माणूस मी पहिल्यांदाच धरून बसले होते, पण मला हसू आलं नाही, कारण मीही तेवढीच धास्तावले होते.

मग एका आकड्यावर ते जे अडकलं ते हलेना. आम्ही चहा केला. चहा पिता पिता तो अचानक म्हणाला, "हे झालं की मग संध्याकाळी मला काय काम नाय."

मला कळलंच नाही आधी. "कसलं काम?"

"वाचायचं. मला पण सवय झाली ना आता."

मी एवढी त्याच्या वगैरेवर चिडत होते, आणि हा माणूस दिवसभर त्या वेळेची वाट बघत होता. मी म्हणाले, "वर्तमानपत्र तुम्हीच वाचायचं. ते मला मशीनकडून नको. बातम्यांवर बडबड करायला कुणीतरी हवं की."

"मग ठीक हाय," तो म्हणाला, आणि तेवढ्यात आकडा हलला.

दुपारी जेवणं उरकायच्या वेळेला कॉम्प्युटर उठून बसला. फोटो होते तिथेच होते. नवऱ्यानं खिडकी दाबून धरली, आर दाबला, ती सहा अक्षरं स्वतः टाइप केली आणि कंट्रोल रूममधल्या आवाजात सांगितलं, "बावीस, एच, दोन."

"बावीस, एच, दोन," मी म्हणाले.

संध्याकाळी बाईंनी फोनवर प्रोग्राम बसवून घेतला. मराठी आवाजासाठी आणखी थोडी खटपट झाली. आणि मग कॉम्प्युटर बोलला. आवाज बाईचा होता, सपाट आणि भरभर, सीबीएसच्या बसस्टँडवर गाड्या सुटण्याची घोषणा होते तसा. जोडाक्षरं आली की ठेचकाळत होता. माझ्या वर्गातल्या मुलीनं असं वाचलं असतं तर मी तिला खाली बसवलं असतं. नवरा हळूच म्हणाला, "माझ्यापेक्षा वाईट वाचतीय." त्याला जरा बरं वाटलं असावं.

"आता काका बाहेर जातील," बाई म्हणाल्या, "आणि मॅडम, तुम्ही मला सांगायचं. तुमच्याकडे कोणती विंडोज आहे?"

नवरा उठून गॅलरीत गेला. मी खिडकीचं बटण शोधलं, दाबून धरलं, आर दाबला. त्या आवाजानं मला चौकोन उघडल्याचं सांगितलं. मी एकेक अक्षर टाइप केलं, एकेक अक्षर तिनं परत म्हणून दाखवलं. एंटर. आणि त्या ठेचकाळणाऱ्या बाईनं विंडोज दहा, व्हर्जन बावीस एच दोन असं सगळं धडाधडा वाचून दाखवलं. पुढे आणखी कसले कसले आकडे, कुणाची मालकी, कसले नियम. तिनं काहीही गाळलं नाही. मला रडू आलं. मी नाक पुसलं आणि म्हणाले, "दहा. बावीस एच दोन."

"शाब्बास," बाई म्हणाल्या. त्यांनी मला कॉम्प्युटरवर एक कादंबरी पाठवून दिली आणि सांगितलं, खालचा बाण दाबला की पुढची ओळ, वरचा दाबला की मागची, आणि इन्सर्टचं बटण धरून वरचा दाबला की तीच ओळ पुन्हा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओटा पुसून झाल्यावर मी आतल्या खोलीचं दार लोटलं आणि वाचायला बसले. पहिल्या काही पानांवर तो आवाज कानाला खुपत होता, मग खुपायचा थांबला. एका प्रकरणाच्या सुरुवातीला पहाटेचं वर्णन होतं. गोष्टीत काही घडत नव्हतं, एक म्हातारी नुसती अंगणात उभी राहून उजाडायची वाट बघत होती. चार ओळींचंच ते. मी पुढच्या ओळीवर गेले आणि थांबले. वरचा बाण दाबला. त्या ठेचकाळणाऱ्या बाईनं ती ओळ पुन्हा वाचली. मग इन्सर्ट धरून मी पुन्हा दाबला. ती कंटाळली नाही, सुस्कारा सोडला नाही, 'झालं ना वाचून' म्हणाली नाही. मी पुन्हा दाबला. माणसाकडून वाचून घेताना एकच ओळ इतक्यांदा मागायचं धाडस मला कधी झालं नव्हतं, आणि पूर्वी डोळ्यांनी वाचताना मी हेच तर करायचे.

दारावर टकटक झाली. "अडकलं का काय ते?" नवऱ्याचा काळजीचा आवाज आला. "मघापासनं तेच तेच म्हणतंय."

"अडकलं नाही," मी म्हणाले. "वाक्य आवडलंय मला." आणि वरचा बाण पुन्हा दाबला.